पुड्यावरचा वाघ

खाऊच्या पुड्यावर जनावराचे चित्र छापावे, ही बुद्धी पहिल्यांदा कोणाला झाली असेल, कोण जाणे! पण ज्याला झाली तो मोठा जाणता माणूस असला पाहिजे. लहान मुलाचा हात दोन गोष्टींकडे आपोआप जातो. एक खाऊ आणि दुसरे जनावर. या दोन्ही ओढी एका पुड्यात बांधल्या की दुकानदाराला आणखी काही बोलावे लागत नाही. आमच्या संगमनेरच्या बसस्थानकासमोरच्या कुठल्याही टपरीपुढे उभे राहून पाहा. वरून माळांसारखे पुडे लोंबत असतात आणि त्यांवरून काळा चष्मा लावलेला चित्ता आपल्याकडे पाहून हसत असतो. खाली फळीवर वाघाच्या नावाची बिस्किटे मांडलेली असतात. आणि मुलांचेच कशाला? बाप्ये माणसेही या मोहातून सुटलेली नाहीत. ज्या गावात मी गेली अठरा वर्षे मराठी शिकवते आहे, त्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या खिशाखिशात पोहोचवले ते एका गायीने. गाय छाप जर्दा आमच्या संगमनेरचा. तंबाखूला खाऊ म्हणणे शोभणार नाही हे मला कळते. पण पुडी सोडून शेजाऱ्यापुढे हात करताना आमच्याकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे औदार्य येते, ते मी लाडू वाटणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही पाहिलेले नाही.

आमच्या लहानपणी बेकरीत काचेच्या बरणीत हत्ती, घोडे, मासे अशा आकारांची बिस्किटे वजनावर मिळत. ती खाण्याचेही एक शास्त्र असे. माझा थोरला भाऊ आधी डोके खाई. त्याचे म्हणणे, म्हणजे पुढचे त्याला दुखत नाही. धाकटी बहीण आधी पाय खाई, म्हणजे तो पळून जायला नको. मी मात्र कडेकडेने कुरतडत आकार होईल तितका राखून ठेवी, आणि शेवटी माझ्या हातात जे उरे ते कोणतेच जनावर नसे. माणसाचे स्वभाव असे लवकरच ठरून जातात. भाऊ वकील झाला, बहीण अमेरिकेला गेली आणि मी प्राध्यापक झाले.

बहिणीच्या त्या अमेरिकेत या बिस्किटांचा एक जुना खोका फार प्रसिद्ध आहे. नॅबिस्को नावाच्या कंपनीने १९०२ साली तो नाताळासाठी बाजारात आणला. सर्कशीच्या गाडीसारखा रंगवलेला, नाताळच्या झाडाला टांगता यावा म्हणून वर दोरी लावलेला. खोक्यावर पिंजरे आणि पिंजऱ्यांत जनावरे. आत तीच जनावरे बिस्किटांची. तब्बल ११६ वर्षे ती त्या गजांआड राहिली. मग २०१८ च्या ऑगस्टात, एका प्राणिमित्र संघटनेच्या आग्रहावरून, कंपनीने चित्रातले गज काढून टाकले. आता हत्ती, सिंह, जिराफ, झेब्रा आणि गोरिला मोकळ्या माळावर रांगेने उभे आहेत. वर्तमानपत्रांनी त्यांच्या सुटकेच्या बातम्या छापल्या. खोका फोडल्यावर त्यांचे पूर्वीसारखेच होते, ते सोडा.

बहीण राहते त्या पेन्सिल्वेनियात हर्शी नावाचे गाव आहे. मिल्टन हर्शी या चॉकलेटवाल्याने ते आपल्या कारखान्याभोवती वसवले. कामगारांसाठी घरे बांधली, शाळा काढली, बाग केली, आणि १९१० च्या सुमारास स्वतःजवळची हौसेची जनावरे लोकांना पाहावयास ठेवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते प्राणिसंग्रहालय बंद पडले, पुढे पुन्हा उघडले, आणि १९७८ पासून ते 'झू-अमेरिका' या नावाने चालते. त्याचा नियम असा की फक्त उत्तर अमेरिकेतलीच जनावरे ठेवायची. काळी अस्वले, लांडगे, पहाडी सिंह. बाहेरचा पाहुणा नाही. गावातल्या रस्त्यांवरचे दिवेसुद्धा चॉकलेटच्या गोळीच्या आकाराचे आहेत. हे सर्व बहिणीने मला फोटोंसह कळवले आणि सोबत चॉकलेटची एक पिशवी पाठवली. ती आमच्या नगरच्या उन्हाळ्यात घरी पोहोचेपर्यंत तिचा एकच मोठा गोळा झाला होता.

या लोकांची गंमत वाटते. फ्लोरिडात एका बियरवाल्याने १९५९ साली आपल्या कारखान्याला लागून पक्ष्यांची बाग काढली; तिचेच पुढे आफ्रिकेच्या कल्पनेवर बेतलेले भलेमोठे प्राणिउद्यान झाले. आपल्याकडचे खाऊवाले जरा सावध. नागपुरात हल्दीरामचे क्रेझी कॅसल होते. तिथे लोक पाण्यात डुंबायला जात. आमच्या गायवाल्यांनी शिर्डीला वॉटर पार्क काढले आणि जवळच साईतीर्थ उभे केले. म्हणजे एकीकडे पाणी आणि दुसरीकडे भक्ती. शेव, पाणी, देवदर्शन हे आपल्या प्रकृतीला मानवते. जनावरांचे खाते आपण बहुधा सरकारच्या गळ्यात बांधलेले आहे. आमच्या जिल्ह्यातही कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे, १९८० सालचे, सव्वादोन चौरस किलोमीटरांचे. काळविटांना ते कागद कोणी वाचून दाखवलेले नसल्यामुळे ती आसपासच्या शेतांतही हिंडतात.

आमच्या अभ्यासक्रमात हल्ली उपयोजित मराठी म्हणून एक विषय असतो. त्यात जाहिरातलेखन येते. ज्ञानेश्वरी शिकवायची म्हणून ज्या मुलीने पंचवीस वर्षांपूर्वी एम. ए. केले, तिला आता साबणाची जाहिरात कशी लिहावी हे शिकवावे लागते; पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुले त्या तासाला जागी असतात. बहिणीचे फोटो नुकतेच आले होते, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी विषय दिला : 'एका खाऊच्या कंपनीने आपल्या जिल्ह्यात प्राण्यांचे उद्यान उघडले आहे. त्याची जाहिरात लिहा.'

मुलांनी कमाल केली. एकाने कोपरगावला पेंग्विन आणले. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आले, मग कोपरगावने काय पाप केले, असा त्याचा युक्तिवाद. तिथल्या मे महिन्यातल्या उन्हाचे काय करणार, असे मी विचारल्यावर त्याने थंड पेयाच्या कंपनीला प्रायोजक केले. एकाने प्रत्येक तिकिटावर वेफर्सचा पुडा फुकट दिला. एकाने 'सिंहाबरोबर सेल्फी' अशी योजना काढून खाली बारीक अक्षरांत 'जबाबदारी ज्याची त्याची' असे लिहिले. या मुलाला पुढे नोकरीची अडचण पडणार नाही. आणि मग कालव्याखालच्या एका वस्तीवरून येणाऱ्या, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीचा कागद हाती आला. त्यावर एवढेच होते :

'या! आमच्या उद्यानात या! तिकीट नाही. कुंपण नाही. पिंजरे आहेत, पण रिकामे. वेळ : संध्याकाळी सहा ते सकाळी सात. लहान मुलांना आणू नये. प्रायोजक : तुमच्या चहातली साखर.'

तो कागद मी दोनदा वाचला. गुण द्यायचे राहूनच गेले.

नगर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, आणि जिथे बाजरी पिके तिथे हळूहळू ऊस उभा राहिला. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आशिया खंडातला तो पहिला, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. त्यामागून कितीतरी कारखाने आले. त्या साखरेने आमच्या जिल्ह्यात शाळा, कॉलेजे, दवाखाने उभे केले. माझा पगार ज्या गावात खर्च होतो त्या गावाची बाजारपेठ उभी आहे तीही तिच्यावर. बिस्किटात, चॉकलेटात, तुमच्या आमच्या दिवाळीच्या करंजीत जी साखर पडते, तिच्यातली चिमूटभर आमच्या जिल्ह्यातली असतेच.

पण ऊस म्हणजे नुसती साखर नव्हे. ऊस बारा महिने शेतात उभा असतो. आडसाली असला तर अठरा. आत गारवा, पाटाचे पाणी, रानडुकरे, मुंगसे. बाहेर वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या. यापरते बिबट्याला काय हवे? मादी उसात वितात आणि पिले उसातच वाढतात. ज्यांनी डोंगरातले रान कधी पाहिलेच नाही अशा बिबट्यांच्या पिढ्या आता प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या काठी झालेल्या आहेत. तोडणी सुरू झाली की कोयत्याच्या पुढे डोळे मिटलेली पिले सापडतात. मग वनखात्याचे लोक आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रातले डॉक्टर ती पिले त्याच जागी एका खोक्यात ठेवतात, दूर बसून राहतात, आणि रात्री आई येऊन त्यांना मानेला धरून घेऊन जाते. हे करणारी माणसे मला मोठी वाटतात. आणि ज्यांच्या कोयत्याखाली ती पिले सापडतात ती पाथर्डीची, बीडची माणसे त्याच फडाच्या कडेला कोपी घालून राहतात. कोपीला दार नसते. आत त्यांची स्वतःची पिले झोपलेली असतात.

खाऊवाल्यांनी आमच्या जिल्ह्यात जनावरांचा बाग उघडून पुष्कळ वर्षे झाली, असे त्या पोरीचे म्हणणे. त्यात एक अक्षर काढण्यासारखे नाही.

तिचा कागद वाचल्यापासून मला पुड्यावरच्या जनावरांकडे नीट पाहण्याची खोड लागली आहे. त्या सर्वांत एक गोष्ट सारखी आहे. ती हसतात, नाचतात, उड्या मारतात. पण त्यांपैकी एकालाही भूक नसते. खाऊ असतो तो आपल्यासाठी. चष्मा घातलेला चित्ता आपल्याला पुडा पुढे करतो. तो स्वतः काय खाऊन जगतो, हे विचारण्याची कोणाची छाती नाही.

आमच्या लहानपणीच्या पेशवे पार्कात निदान एवढे तरी कळे. वडील आम्हांला नगरहून पुण्याला आणीत तेव्हा पर्वतीच्या पायथ्याची ती बाग ठरलेली असे. १९५३ सालची ती बाग. तिथली फुलराणी नावाची छोटी आगगाडी १९५६ पासून धावत होती. दाराशी चण्याफुटाण्यांच्या पुड्या मिळत. त्या आम्ही थोड्या स्वतः खात असू आणि थोड्या गजांतून आत टाकीत असू. जनावरांना असे काही खायला घालणे वाईट, हे आता सर्वांना ठाऊक आहे आणि ते बंद झाले तेच बरे. १९९९ साली तिथली जनावरे कात्रजला गेली. पण हत्तिणीची ओलसर, खरखरीत सोंड तळहातावरचे फुटाणे उचलते तेव्हा तिला पोट आहे हे मुलाला हाताने कळे. पुस्तकातून कळण्याची ती गोष्ट नाही.

आता तीच गोष्ट कशी उलटून आली आहे पाहा. कल्याणच्या वाटेवर आमच्या बाजूने माळशेज घाट लागतो. पावसाळ्यात धबधब्यांसाठी मुंबई-पुण्याचे लोक तिथे लोटतात आणि वेफर्सचे पुडे आणतात. कठड्यावर वानरे वाट पाहत बसलेली असतात. पुडा फाडताना होणारा तो चर्र आवाज त्यांना इतका ओळखीचा झाला आहे, की मोटारीच्या काचा बंद असल्या तरी ती वळून बघतात. करवंदे आणि उंबर खाणारे जनावर पाच वर्षांत मसाल्याच्या पुड्यावर येते. एका वानरीला पिलू पोटाशी धरून पुड्याचा चंदेरी कागद आतून चाटताना मी पाहिले. त्या कागदाच्या बाहेरच्या अंगावर माकडाचेच चित्र होते.

ती मुलगी पुढे तासांना येईनाशी झाली. माझा तास सकाळी सव्वासातला. आठ दिवस वाट पाहिली आणि एका रविवारी तिच्या वस्तीवर गेले. फाट्यावर उतरल्यावर दीड किलोमीटर चालायचे, आणि दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीच्या वर ऊस. दुपारचे अकरा वाजलेले होते. तरीही मी मोठ्याने काहीतरी म्हणत चालले होते, हे मला घर दिसल्यावर कळले.

तिच्या वडिलांनी खाटेवर पांघरूण अंथरून मला बसवले.

"मॅडम, तुम्ही म्हणता ते समदं खरंय," ते म्हणाले. "पोरगी हुशार हाय, मला बी कळतंय. पण सकाळी सहाला अंधार असतो. मोटारीची लाईट रातची; मी रातभर पाण्यावर. तिला फाट्यापर्यंत सोडायचं कोणी? आणि पाण्यावर मी असलो म्हणजे माझ्याकडं कोण बघतंय? बॅटरी लावायची, मोबाइलवर गाणी लावायची आणि पाठीला पाठ देऊन दोघांनी दारं मोडायची."

म्हातारी आजी ओट्यावर लसूण सोलत होती. गेल्या महिन्यात तिची दुभती शेळी गेली होती. तिला बोलते करावे म्हणून मी शेळीची चौकशी केली.

"गेली तर गेली, बाई," ती म्हणाली. "त्याला बी पोट हाय. पोरीवरून ओवाळून टाकली म्हणते मी. पर किती येळा ओवाळू?"

मुलगी दारात उभी होती. ती वर्गात बोलत नसे तशी इथेही बोलली नाही. मात्र निघताना तिने मला फाट्यापर्यंत सोबत दिली, आणि परत जाताना तिला सोबत कोणाची, हा प्रश्न मी विचारल्यावर हसली. पुढचे थोडक्यात सांगते. सकाळचा तास नऊला न्यावा म्हणून मी वर अर्ज केला. वेळापत्रक हे ब्रह्मलिखित असल्यामुळे 'पुढील वर्षी विचार करू' असे उत्तर महिन्याने आले. तोवर वस्तीवरच्या तीन बापांनी आपसांत पाळ्या लावून पाच मुलींना मोटारसायकलींवरून फाट्यावर सोडायला सुरुवात केली होती. पाळी असलेला बाप रात्रभर पाण्यावर जागून तसाच यायचा. ती मुलगी पास झाली. आता तिसऱ्या वर्षाला आहे.

बिबट्यांना पकडून दूर नेऊन सोडावे, हा उपाय सर्वांना सुचतो. मलाही त्या उसातून चालताना सुचला होता. जुन्नरकडे २००१ ते २००३ या काळात तो फार मोठ्या प्रमाणावर करून झाला. शंभराहून अधिक बिबटे पकडले आणि बरेचसे दुसऱ्या रानांत नेऊन सोडले. माणसांवरचे हल्ले त्याने कमी व्हावेत. ते वर्षाला सरासरी चार होते, ते सतरा झाले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पुढे मांडून दाखवले. त्यांनीच आमच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून मोजणी केली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसे राहतात, तिथे शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच मोठे बिबटे आणि तितकेच तरस, माणसांच्या उशापायथ्याशी नांदत होते. बिबटे काय खात होते तेही तपासले. शेळ्या गावात मुबलक. पण आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, मग मांजरांचा.

आणि नेऊन सोडलेला बिबट्या काय करतो? त्याची आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आहे. २००९ च्या एप्रिलात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर गावी एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढले, गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडून दिला. त्याच घाटात, जिथे वानरे पुडे चाटतात. सोबतच्या लोकांनी त्याचे नाव आजोबा ठेवले. आजोबा निघाले. त्यांनी रेल्वेचे रूळ ओलांडले, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वस्त्या, कारखाने मागे टाकले आणि सुमारे पंचवीस दिवसांत एकशेवीस किलोमीटर चालून मुंबईशेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोहोचले. वाटेत त्यांनी एकाही माणसाला नख लावले नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाची धडक बसून ते गेले. त्यांच्यावर पुढे २०१४ साली मराठी चित्रपट निघाला. मला त्या गोष्टीत सर्वांत लक्षात राहिले ते नाव. विहिरीतून काढलेल्या बिबट्याला कोणी 'राजा' म्हटले असते, 'शेरू' म्हटले असते. पण आजोबा म्हटले म्हणजे तो घरातला झाला, त्याची काळजी आली आणि थोडा धाकही आला.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर मात्र आजोबा हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारला नसता. शिरूर-जुन्नरकडे लहान मुले गेली, आमच्याही जिल्ह्यात गेली. लोकांनी रस्ते अडवले. पुणे जिल्ह्यातल्या पिंपरखेडला शेतात काम करणारी माणसे गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालू लागली. जो पट्टा धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तो. तो फोटो पाहिला आणि मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले. त्या दिवसांत मंत्र्यांपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच नाव तोंडी आले : जामनगरचे वनतारा. सगळे बिबटे तिकडे पाठवा.

वनतारा हे कंपनीचे प्राणिउद्यान. पंतप्रधानांनी २०२५ च्या मार्चमध्ये त्याचे उद्घाटन केले. ते चालवणाऱ्या उद्योगसमूहाची ओळख तेल आणि टेलिफोन अशी. पण तो आता बिस्किटे आणि कॅम्पाच्या बाटल्याही विकतो, तेव्हा मी मुलांना दिलेल्या विषयापासून आपण फार लांब आलेलो नाही. याच वर्षीच्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने तिथे नेली. १९९२ पासून ती त्या मठात होती. तिच्या पायांना दुखणे होते, तिला साखळदंडावाचून जगता यावे, असे न्यायालयाला वाटले. ते चुकीचे म्हणण्याइतके मला हत्तीतले कळत नाही. पण तिला निरोप देताना गाव रडले, आणि ऑगस्टात हजारो माणसे नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत न बोलता चालत गेली. लोकांनी त्या कंपनीचे मोबाइल नंबर सोडले. शेवटी नांदणीजवळच तिच्यासाठी जागा करू, असे कंपनीला म्हणावे लागले.

म्हणजे एकाच वर्षात, एकाच महाराष्ट्रात, एक गाव ओरडत होते की आमचे जनावर का नेलेत, आणि दुसरे ओरडत होते की आमचे का नेत नाही. दोन्ही गावांतल्या माणसांचे मला पटते. नांदणीला त्या हत्तिणीला कोणी ऊस खायला घातला असेल, केळी घातली असतील. तिच्या पोटाशी गावाची ओळख होती. आमच्या वस्तीवरच्या आजीचीही बिबट्याच्या पोटाशी ओळख आहे, पण ती शेळी देऊन झालेली. तिला मी 'सहजीवन' हा शब्द ऐकवणार नाही. माणसावर चटावलेला बिबट्या पकडलाच पाहिजे, याविषयीही माझ्या मनात शंका नाही. पण सरसकट सगळे उचलून जामनगरला नेले तर काय होईल? ऊस तसाच उभा राहणार, वस्तीवरची कुत्री तशीच राहणार, लाईट रात्रीचीच येणार. रिकामी झालेली जागा धरायला पलीकडच्या फडातून दुसरा येईल, आणि तो नवखा असेल. नेणाऱ्या गाडीचे फोटो छापून येतात. दिवसाची वीज आणि कोपीला दार यांचे फोटो येत नाहीत, म्हणून की काय, ती दोन कामे मागे पडतात. साखरेच्या पोत्यामागे चार आणे काढून तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी फडावर चार भिंतींची खोली उभी करायला कुठल्या न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.

अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे डोंगरात महादेव कोळ्यांची गावे आहेत. आम्ही गावात वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो. तिकडे त्याच दिवशी वाघबारस असते. माझ्या एका सहकाऱ्याचे घर तिकडे असल्यामुळे दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मला ती पाहायला मिळाली. शिवेवर वाघोबाचे ठाणे. शेंदूर फासलेला दगड आणि त्यावर कोरलेला वाघ. कोरणाऱ्याने खरा वाघ पाहिला असावा, कारण त्याचे पोट खपाटीला गेलेले आहे. गुराखी पोरे अंगाला पट्टे ओढून वाघ झाली, एक जण घोंगडी पांघरून अस्वल झाला. बाकीच्यांनी काठ्या आपटीत त्यांना शिवेपलीकडे पिटाळले, आणि पिटाळून झाल्यावर वाघ झालेल्या पोराला सर्वांच्या आधी पानावर बसवले. वाघ सातवीत होता आणि त्याने तीनदा खीर मागून घेतली.

जेवणे होण्यापूर्वी एका म्हाताऱ्या बाबांनी पानावर नैवेद्य वाढला आणि तो दगडासमोर न ठेवता दगडाच्या मागे, दरीच्या अंगाला नेऊन ठेवला. तो पाहावा म्हणून मी तिकडे वळले.

"बाई, जरा हिकडं सरा," ते म्हणाले. "त्याच्या वाटंत उभ्या हाय तुम्ही."